डिस्क बदलली की आवाज का बदलतो?
एका डीव्हीडीचा आवाज पुरेसा वाटतो आणि दुसरी लावताच घाईने रिमोट शोधावा लागतो, तेव्हा दोष बहुधा प्लेअरचा नसून ध्वनिमुद्रणाच्या पातळीचा असतो. डॉल्बी डिजिटल (डीव्हीडीवर आवाज साठवण्याची एक पद्धत) ट्रॅकमध्ये संवादांची सरासरी पातळी नोंदवलेली असते आणि ती उणे २७ डेसिबल असल्यास डीकोडर (साठवलेला आवाज उलगडणारा भाग) संपूर्ण आवाज ४ डेसिबलने खाली आणतो. व्हीसीडीच्या किंवा पीसीएम (न दाबता साठवलेल्या आवाजाच्या) ट्रॅकमध्ये अशी नोंदच नसल्याने त्या डिस्क बहुधा मोठ्याने वाजतात. म्हणून डिस्क बदलण्यापूर्वी आवाज कमी करावा. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट मात्र कानठळ्या बसवणारे असतील, तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमधील ‘डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन’ (हळू आणि मोठ्या आवाजांतील फरक कमी करणारी सोय) अवश्य चालू करावे. मात्र ही सोय बहुतेक प्लेअरमध्ये डॉल्बी ट्रॅकपुरतीच लागू होते.