नव्या हँडहेल्ड गेम कन्सोलची किंमत लवकर उतरली, तर काय पाहून खरेदी करावी?

सांगलीसारख्या बाजारपेठेच्या गावात भाव पडला की मालात काहीतरी खोट असणार, अशी शंका आधी येते. हळदीच्या सौद्यात ती बऱ्याचदा रास्तही असते. पण नव्या हँडहेल्ड गेम कन्सोलची, म्हणजे हातात धरून खेळण्याच्या यंत्राची, विक्री मंदावली आणि कंपनीने काही महिन्यांतच किंमत उतरवली, म्हणून यंत्र फसले असे लगेच धरून चालू नये. तसेच स्वस्त झाले म्हणून डोळे मिटून घेऊही नये. किंमत का उतरली, हे आधी समजून घ्यावे आणि मगच पैसे मोकळे करावेत.

यासाठी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या थ्रीडीएसचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. हे यंत्र २६ फेब्रुवारी २०११ रोजी जपानमध्ये २५,००० येनला आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला विक्रीस आले. मार्चअखेर ४० लाख यंत्रे खपतील असा कंपनीचा अंदाज होता. प्रत्यक्षात ३६ लाखांच्या आसपास खपली, आणि पुढच्या तीन महिन्यांत तर जगभर मिळून जेमतेम ७ लाख. ऑगस्टमध्ये, म्हणजे सहा महिनेही पुरे होण्याआधी, किंमत जपानमध्ये १५,००० येनवर आणि अमेरिकेत सुमारे १७० डॉलरवर आणावी लागली. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी त्या वेळी स्वतःचे वेतन निम्म्याने कमी केले.

यंत्रात मोठा दोष नव्हता. चष्म्याशिवाय त्रिमितीय चित्र दाखवणारा त्याचा पडदा खरोखरच नवा होता. मात्र सुरुवातीची किंमत जड होती, गेम विकत घेण्याचे ऑनलाइन दुकान जूनपर्यंत उघडलेच नव्हते, आणि ज्या गेमसाठी लोक निन्टेन्डो घेतात ते मारिओचे मोठे गेम पहिल्या दिवशी नव्हते. ते नोव्हेंबर आणि डिसेंबर २०११ मध्ये आले. त्यानंतर या यंत्राने जी उचल घेतली, ती साडेसात कोटींहून अधिक विक्रीपर्यंत गेली. म्हणून पहिली तपासणी गेमची करावी. आपल्याला किंवा घरातल्या मुलांना मनापासून खेळायचे आहेत असे चार-पाच गेम कागदावर लिहावेत आणि त्यांतले आज किती मिळतात, जाहीर तारखेसह येणारे किती आहेत आणि नुसत्या चर्चेत असलेले किती, हे वेगळे काढावे. आज मिळणारा एकही नसेल तर थांबावे. किंमत उतरो वा न उतरो, रिकामे यंत्र कपाटातच पडून राहते.

सोनीच्या प्लेस्टेशन व्हिटाचा अनुभव याच्या उलट आहे. डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये आलेल्या या यंत्राची किंमत फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथे १९,९८० येनवर आणली गेली, तरी त्याला थ्रीडीएससारखी उभारी आली नाही. यंत्राची बांधणी आणि पडदा दोन्ही उत्तम होते, हे आवर्जून सांगायला हवे. परंतु त्याला बाजारातले साधे मेमरी कार्ड चालत नसे. सोनीचेच महागडे कार्ड घ्यावे लागे, आणि पुढे खुद्द सोनीकडूनही त्यासाठी मोठे गेम येईनासे झाले. तेव्हा दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यात मेमरी कार्ड, किमान दोन गेम, पडद्याची काच, पिशवी आणि ऑनलाइन खेळण्याची वर्गणी असल्यास तीही मिळवावी, आणि ती बेरीज परवडते का ते पाहावे. हप्त्यांवर घेणार असाल तर आणखी सावध राहावे, कारण पाच महिन्यांनी किंमत उतरली तरी हप्ता जुन्याच किमतीचा भरावा लागतो.

सुरुवातीलाच घ्यायचे ठरले असेल, तर यंत्र लगेच स्वतःच्या नावाने नोंदवावे आणि एकदा तरी इंटरनेटला जोडून कंपनीच्या ऑनलाइन दुकानात प्रवेश करावा. थ्रीडीएसची किंमत उतरली तेव्हा आधीच्या ग्राहकांना वीस जुने गेम मोफत मिळाले, पण ज्यांनी ठरलेल्या मुदतीआधी ते दुकान उघडले होते त्यांनाच.

परदेशात किंमत उतरली की दुसऱ्या दिवशी विश्रामबागेतल्या किंवा मिरजेतल्या दुकानात ती उतरत नाही. व्यापाऱ्याकडे जुन्या भावाने घेतलेला माल असतो, शिवाय आयातशुल्क आणि जीएसटी आहेतच. थोडी वाट पाहावी, आणि पुण्या-कोल्हापुरातले भाव फोनवरून विचारावेत. खोके हातात घेतल्यावर त्यावरचा छापील कागद मात्र शांतपणे वाचावा. रीतसर आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि महिना-वर्ष असावेच लागते. ती चिठ्ठी नसेल तर माल परस्पर आणलेला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याची वॉरंटी इथे कोणी मानेल याची खात्री धरू नये.

अशा परस्पर आणलेल्या जुन्या यंत्रांत आणखी दोन अडचणी असतात. थ्रीडीएसला प्रदेशाचे कुलूप होते, म्हणजे जपानी यंत्रात अमेरिकी गेम चालत नसे. निन्टेन्डोच्या नंतरच्या स्विच या यंत्रात ते बंधन राहिले नाही. दुसरी अडचण चार्जरची. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल तर तो आपल्याकडे चालतो. नुसते १०० किंवा १२० व्होल्ट असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये कदापि घालू नये. मूळ चार्जर बाजूला ठेवून त्याच यंत्राला लागू पडणारा, २३० व्होल्टवर चालणारा चार्जर घ्यावा.

फारच उशिरा, अगदी मातीमोल भावात घेण्याचा मोह झाला तर ऑनलाइन दुकान चालू आहे का ते आधी विचारावे. थ्रीडीएसचे दुकान मार्च २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी बंद झाले, आणि जे गेम यंत्रात घालायच्या गेम-कार्डवर निघालेच नव्हते ते तेव्हापासून विकत मिळत नाहीत. वापरलेले यंत्र असल्यास बिजागरी, प्रत्येक बटण आणि बॅटरीचा फुगवटा दुकानातच पाहावा, आणि अंगठ्याची कांडी सोडल्यावर पडद्यावरचे पात्र आपोआप सरकत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून मागावा. पुढे विक्रेत्याने हात झटकले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. म्हणजे यंत्र मुंबईच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवले असले तरी तक्रार सांगलीतच दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी, आणि सोबत बिल, खोक्यावरच्या चिठ्ठीचे छायाचित्र व विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद जोडावा.