चिरेखाणीच्या खड्ड्यात झाडं लावण्याआधी

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिम अंगाला बंद पडलेल्या चिरेखाणी आणि मुरुमाचे खड्डे जागोजागी दिसतात. वनमहोत्सवात तिथे वाजतगाजत रोपं लागतात आणि पुढच्या मे महिन्यात आधाराच्या काठ्या तेवढ्या उरतात. दोष रोपाला दिला जातो, पण दुखणं असतं तळात.

जांभा, म्हणजे चिऱ्यांचा लाल दगड, काढून नेला की बऱ्याच खाणींत खाली पांढरट-पिवळसर, साबणासारखी बुळबुळीत चिकणमाती उघडी पडते. पावसाळ्यात तिच्यावर पाणी तुंबतं, उन्हाळ्यात तिच्यात टिकाव शिरत नाही. तुंबलेल्या पाण्यात मुळं गुदमरून कुजतात. उरलेली चार बोटं मुळं उन्हाळा काढू शकत नाहीत. मे महिन्यात वाळलेलं रोप बहुधा ऑगस्टमध्येच मेलेलं असतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी पाणी, मग तळ, मग माती, सगळ्यात शेवटी झाड.

जमीन कोणाची हे आधी पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) बघा. गायरान असेल तर पंचायत, वनजमीन असेल तर वनखातं. परवानगीशिवाय पोकलेन उतरवू नका. खाणपट्टा अजून चालू असेल आणि मंजूर आराखड्यात खाण बंद करतानाची कामं लिहिलेली असतील, तर ती पट्टाधारकानेच करायची असतात. त्या आराखड्याची प्रत मागून घ्या.

आता तळाची परीक्षा. तळात तीन-चार ठिकाणी 30 सेंमी खोल खड्डे घ्या, पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि तासाभराने पातळी मोजा. तासाला 1 सेंमीही उतरली नाही, तर तो तळ फाडल्याशिवाय झाडाच्या कामाचा नाही.

पाण्याचं काम मार्चपर्यंत उरकायचं. खाणीच्या वरच्या अंगाला, काठापासून 3 ते 5 मीटर मागे, 60 सेंमी रुंद आणि 45 सेंमी खोल चर मारून वरून येणारं पाणी बाहेरच्या बाहेर वळवा. चर काठाला खेटून मारला तर पाणी मुरून कडाच ढासळते. खड्ड्यातलं पाणी एकाच तोंडाने बाहेर काढा. तोंडाला दगड रचा आणि पुढे गाळ बसायला डबकं ठेवा. ते नसेल तर सगळी लाल माती ओढ्यात जाते. मलप्रभा कणकुंबीतच उगम पावते, त्यामुळे इथले ओढे गढूळले की खालच्या गावांना ते पाणी भोगावं लागतं.

तळ फाडायचा तो एप्रिलच्या वळवाआधी, कोरडा असताना. ओली चिकणमाती फाटत नाही, लिंपली जाते. जेसीबीच्या बकेटने नुसतं खरवडून होतं. पोकलेनला एकदाती रिपर (जमीन फाडणारा एकच लांब दात) लावून 60 ते 75 सेंमी खोल आणि मीटर-मीटर अंतराने फाडा. ओळींचा किंचित उतार पाण्याच्या तोंडाकडे असू द्या. माती आधीच काठाला उतरवून ठेवा. पलीकडच्या टोकापासून फाडत, त्यावर माती टाकत मागे यायचं. फाडलेल्या जागेवरून ट्रॅक्टर फिरला की पैसे पाण्यात.

मातीचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. एकरभर तळावर 15 सेंमी थर द्यायचा तर 600 घनमीटरच्या वर माती लागते, म्हणजे 100 घनफुटी ट्रॉलीच्या दोनशेवर खेपा. एवढी आणायची कुठून? दुसऱ्याचं शेत सोलून खाण भरण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा उंचवटे करा: बुडाशी 1 मीटर व्यास, उंची 40 सेंमी, माथा सपाट. 3 × 3 मीटर अंतराने एकरी साधारण 440 उंचवटे होतात आणि पंचवीसेक ट्रॉल्यांत काम भागतं. चिकण तळात खोल खड्डा घेऊन रोप लावलं तर खड्ड्याचं टाकं होतं. सरकारी 60 सेंमीचा खड्डा माळावर ठीक, इथे नाही.

उंचवट्यात दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. जांभ्याच्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून बसतं, म्हणून खत पसरून टाकू नका. 150 ते 200 ग्रॅम रॉक फॉस्फेट मुळाच्या खालच्या बाजूला एका जागी घाला. त्याच्यासोबत चुना नको, चुन्याने रॉक फॉस्फेट विरघळायचं मंदावतं. आपल्या रानातल्या झाडांना आम्ल माती चालते. काँग्रेस गवत माजलेल्या शेताची माती मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका.

घाई नसेल तर पहिल्या पावसाळ्यात झाडं लावूच नका. निचऱ्याच्या जागी एकरी 20 ते 25 किलो ताग, पाणी रेंगाळतं तिथे धैंचा, दोन्ही हिरवळीच्या खतासाठी. तागाला तुंबलेलं पाणी सोसत नाही. फुलावर येताना, साधारण 45-50 दिवसांनी, कापून तिथेच आडवा टाका. काठाच्या उतारावर एकरी 3 ते 4 किलो स्टायलो (शेंगवर्गीय चारा) टाका. त्याचं बी 80 अंश सेल्सिअस पाण्यात 4-5 मिनिटं बुडवून मग रात्रभर थंड पाण्यात ठेवलं तरच नीट उगवतं. भुसभुशीत उतार असेल तर आडव्या ओळीत, 10 ते 15 सेंमीवर वाळ्याचे ठोंब लावा.

झाडं दुसऱ्या मृगात, चांगला पाऊस लागल्यावर. ओलसर भागात जांभूळ, करंज, अर्जुन. उंचवट्यांवर ऐन, किंजळ, आवळा, कुंभा, बिब्बा. मधूनमधून करवंद आणि तोरण, म्हणजे पाखरं येतात आणि बाकीचं बी तीच आणतात. हुक्केरी, गोकाक, सौंदत्तीकडे पाऊस कमी, तिथे कडुनिंब, खैर, बोर, सीताफळ धरा. अकेशिया लावली की दोन वर्षांत हिरवं दिसतं, फोटोही छान येतो. पण तिचा पाला लवकर कुजत नाही आणि खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. खाणीशेजारी न खोदलेला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, असेल तर त्यावर झाडं लावू नका. तिथलं गवत आणि पावसाळी फुलं हेच त्या जागेचं मूळ रान.

काळ्या दगडाच्या खाणींचे उभे कडे हिरवे करायच्या नादाला लागू नका, काठाला कुंपण घाला. पाणी साठलेला खड्डा बुजवण्यापेक्षा एका बाजूने 1:3 (एक मीटर उंचीला तीन मीटर लांबी) उतार काढून द्या, म्हणजे पडलेलं जनावर किंवा पोर बाहेर येऊ शकेल.

पुढची दोन वर्षं गुरं आत येता कामा नयेत. शेराचं कुंपण पुरतं, पण ते झाडांच्या आधी वर्षभर लावायला हवं. ऑगस्ट-ऑक्टोबरात बुडाची रानमोडी (माजणारं तण) उपटा. दिवाळीनंतर बुंध्याभोवती पाल्याचं आच्छादन घाला, पण जानेवारीत वणव्याआधी खाणीभोवती 3 मीटरचा पट्टा खरवडून काढा. जानेवारी ते मे दर 10-15 दिवसांनी झाडाला 10 ते 15 लिटर पाणी द्या. जगलेली झाडं ऑक्टोबरात मोजली तर आकडा फसवा येतो. मेअखेरीस मोजा, आणि सलग पाच-सहा उंचवटे रिकामे दिसले तर तिथे नवं रोप लावण्याआधी पाण्याचं तोंड तपासा.