काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचं घर शोधताना

घरातल्या म्हाताऱ्यांकडून नाव, बापाचं नाव, गाव आणि साल लिहून घ्या. ‘स्वातंत्र्यसैनिक होते’ हे मात्र पेन्सिलीने लिहा. सावरकरांना 1911 साली ठाण्याच्या तुरुंगातून अंदमानला नेलं, तेव्हापासून ठाण्यात प्रत्येकाला आपला कैदी त्यांच्या पंगतीत बसवायची हौस. पुष्कळजण खून नाहीतर दरोड्यापायी गेले होते. पचवा आणि पुढे चला.

साल चुकलं तर सगळंच चुकतं. अंदमानची वसाहत 1858 ची. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूर, पेनांग, मॉरिशसकडे जात. 1840 च्या माणसाला सेल्युलर जेलमध्ये शोधणारे भेटतात. ती इमारत 1906 ला पुरी झाली!

कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. न्याय खात्याचे खंड मागा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं बरंच काही ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं.

खरी मेख नावात आहे. ‘आडनाव टाका, सर्च मारा’ असं सांगणाऱ्याने एकही खंड उघडलेला नसतो. त्या काळच्या यादीत आडनाव क्वचितच. माणूस लिहिलेला असतो ‘धोंडू बिन रामा’ असा, म्हणजे रामाचा मुलगा धोंडू. कुठे ‘बिन’च्या जागी ‘वलद’. आमच्या पणजोबांच्या थोरल्या भावाची नोंद मी पहिल्याच महिन्यात पाहिली होती आणि ‘बिन’ बघून, हा कुणी मुसलमान, म्हणून पान उलटलं. पुढचं दीड वर्ष आडनावामागे वाया. परत त्याच पानावर आलो तेव्हा शेजारच्या रकान्यात जात दिसली: आगरी. तेव्हा बापाचं नाव, जात आणि गाव, तिन्ही जुळल्याशिवाय नोंद आपली म्हणू नका आणि सोडूही नका.

गावांचंही तसंच. जुन्या इंग्रजीत ठाणे म्हणजे टी-ए-डबल एन-ए-एच, कल्याण ‘सी’ने सुरू होणारं. नुसतं ‘थाना’ शोधलंत तर देशभरातल्या पोलीस चौक्या अंगावर येतील. साष्टी तालुका ‘साल्सेट’ म्हणून सापडेल. नवी मुंबईकरांनो, 1882 च्या गॅझेटिअरात, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, पनवेल ठाणे जिल्ह्यात आहे. नंतर ते कुलाब्यात गेलं. दोन्हीकडे बघा.

मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी तहसील कचेरीत गाव नमुना 14 मागा, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही. जुनी पानं मोडीत असतात. अंदाजाने वाचू नका, मोडी वाचणारा सोबत न्या. शिवाय जमिनीचे जुने फेरफार. भाऊबंद तिथेच सापडतात.

इतकं करूनही धागा तुटला तर नाशिक-त्र्यंबकला क्षेत्रोपाध्यायांची नामावळी, म्हणजे तीर्थाच्या भटजींकडची यजमानांच्या नावांची वही, बघा. श्राद्धाला आलेल्या भावांनी घरातल्यांची नावं सांगितलेली असतात. तिथे मात्र आधी आडनाव सांगा, मग गाव.