स्ट्रेस इकोची तयारी: आधी गोळीची स्ट्रिप वाचा

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंची स्ट्रेस इको चाचणी वाया गेली आणि त्याला माझी अर्धवट तयारी कारणीभूत होती. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले असल्यामुळे ट्रेडमिलवर चालण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून ठाण्यात नौपाड्यातील आमच्या डॉक्टरांनी डोब्युटामिन स्ट्रेस इको करून घेण्यास सांगितले. यात शिरेतून डोब्युटामिन हे औषध सोडून हृदयाला वेगाने धडधडायला लावतात आणि त्या ताणाखाली हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग आकुंचन पावण्यात मागे पडतो का, हे इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर पाहतात. मागे पडणाऱ्या भागाला रक्त कमी पोहोचत असल्याची शंका असते.

सर्वप्रथम चाचणीचे नेमके नाव कागदावर लिहून घ्यावे, कारण ‘औषधाची स्ट्रेस टेस्ट’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोडतात. एक आमची, डोब्युटामिनची. दुसरीत अ‍ॅडेनोसिन, रेगाडेनोसॉन किंवा डायपिरिडॅमोल देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि थॅलियम किंवा टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने रक्तपुरवठ्याच्या प्रतिमा घेतात. या दुसऱ्या चाचणीपूर्वी साधारणपणे 12 ते 24 तास चहा, कॉफी, कोला आणि चॉकलेट पूर्ण वर्ज्य असते, कारण कॅफीन या औषधांचा परिणामच रोखते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते. दमा असल्यास तो चाचणी ठरवतानाच सांगावा, टेबलावर झोपल्यावर नव्हे.

आता गोळ्यांविषयी, आणि हे कृपया दोनदा वाचावे. मी रुग्णालयात दूरध्वनी केला तेव्हा पलीकडून सांगण्यात आले, “उपाशीपोटी या आणि सगळ्या गोळ्या घेऊन या.” त्यांना गोळ्या दाखवायला सोबत आणा असे म्हणायचे होते, मी मात्र सासूबाईंना सकाळी सहा वाजता घोटभर पाण्याबरोबर सगळ्या गोळ्या घ्यायला लावल्या. ‘घेऊन या’ या दोन शब्दांचे दोन्ही अर्थ बरोबर असल्यामुळे मला शंकाही आली नाही. तेथे पोहोचल्यावर डॉक्टरांनी विचारले, “बीटा ब्लॉकर चालू आहे का?” मी ठामपणे सांगितले, “नाही, फक्त बीपीची एक गोळी आहे.” त्यांनी ती पाहायला मागितली, तेव्हा मी वारांची नावे छापलेला सात खणांचा प्लास्टिकचा डबा पुढे केला. त्यात सुट्ट्या गोळ्या होत्या. स्ट्रिपा मी रविवारीच कचऱ्यात टाकल्या होत्या. पांढऱ्या गोल गोळीकडे पाहून तिच्यात काय आहे हे कोणीही सांगू शकत नाही.

त्या ‘बीपीच्या गोळीत’ अम्लोडिपिनबरोबर अटेनोलॉल होते, आणि अटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती मंदावणारे औषध. डोब्युटामिन हृदयाच्या ज्या दारावर थाप मारते, त्याच दाराला बीटा ब्लॉकर आतून कडी घालतो. सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. 220 मधून वय वजा करून त्याचे 85 टक्के काढले की मिनिटाला सुमारे 129 ठोके येतात आणि तेवढी गती गाठणे अपेक्षित असते. दर तीन मिनिटांनी औषध वाढवत शेवटच्या पायरीपर्यंत नेले, वर ठोके वाढवणारे अ‍ॅट्रोपिनही दिले, तरी पडद्यावरचा आकडा 104 च्या पुढे सरकेना. अहवालात ‘अनिर्णायक’ असा शेरा आला. पैसे गेले, दिवस गेला, आणि छातीत दुखते ते कशामुळे हा प्रश्न होता तेथेच राहिला.

म्हणून स्ट्रिप वाचावी. ठळक छापलेले कंपनीचे नाव नव्हे, त्याखालची बारीक अक्षरांतील घटकांची ओळ वाचावी आणि डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून वाचावी. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल, कार्व्हेडिलॉल: शेवटी ‘लॉल’ दिसले की थांबावे आणि डॉक्टरांना विचारावे. एकाच गोळीत दोन किंवा तीन औषधे असतात, त्यामुळे पहिले नाव वाचून समाधान मानू नये. हात थरथरण्यासाठी किंवा अर्धशिशीसाठी दिलेले प्रोप्रानोलॉलही याच कुळातले आहे. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या थेंबांतील टिमोलॉलसुद्धा शरीरात शोषले जाऊन नाडी मंद करू शकते, आणि थेंबांना औषध म्हणून कोणी मोजत नाही! काचबिंदू सांगण्याचे आणखी एक कारण असे की त्याच्या काही प्रकारांत अ‍ॅट्रोपिन देणे धोक्याचे ठरते.

मात्र ‘लॉल’ दिसले म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हे औषध एकाएकी थांबवल्यास छातीतले दुखणे उसळू शकते. डोब्युटामिन चाचणीपूर्वी ते सहसा एक ते दोन दिवस थांबवतात. पण आजार आधीच ठाऊक असलेल्या काही रुग्णांची चाचणी डॉक्टर मुद्दाम गोळी चालू ठेवून करतात. तेव्हा कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून बंद आणि त्याऐवजी दुसरी काही घ्यायची का, हे ज्यांनी गोळी सुरू केली त्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आमच्या दुसऱ्या खेपेला तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावला होता आणि डब्यातील त्या दोन दिवसांचे खण मी स्वतः रिकामे केले होते, कारण सवयीने हात डब्याकडे जातोच.

मधुमेह असल्यास उपाशीपोटी इन्शुलिन किंवा गोळी किती घ्यायची हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. अलीकडेच हृदयविकाराचा झटका आला असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल किंवा झडप अरुंद झाल्याचे पूर्वी सांगितले असेल, तर ते न विचारताही सांगावे.

रुग्णाला काय होणार आहे याची कल्पना आदल्या रात्री द्यावी. छाती धडधडते, हात कापतात, डोके जड होते. औषध बंद केल्यावर हे बहुधा काही मिनिटांत ओसरते, कारण डोब्युटामिन रक्तात फार वेळ टिकत नाही. गंभीर त्रास क्वचित होतो, पण होऊ शकतो. संमतिपत्र म्हणूनच वाचून सही करावी. धडधड लवकर उतरवण्यासाठी डॉक्टरांच्या ट्रेमध्ये शिरेतून द्यायचा बीटा ब्लॉकरच तयार असतो. म्हणजे ज्याने शेवटी धडधड उतरवतात त्याच कुळातले औषध मी सासूबाईंना सकाळी सहा वाजता घरून देऊन निघाले होते. डाव्या कुशीवर झोपलेल्या सासूबाई पहिल्या खेपेस ओठ घट्ट मिटून “काही नाही, ठीक आहे” एवढेच म्हणत राहिल्या. छातीत दुखले तर ते तत्क्षणी सांगायचे, सोसायचे नाही, हे आधीच बजावावे.

चाचणीच्या दिवशी पुढून उघडणारे कपडे, जुने ईसीजी व अहवाल आणि सर्व स्ट्रिपा, रिकाम्यासुद्धा. घोडबंदर रस्त्याला जायचे असेल तर माजिवड्याची कोंडी धरून निघावे; धावपळ करत पोहोचल्यास सुरुवातीचा रक्तदाबच चढलेला येतो. नंतर खायला बिस्किटे न्यावीत. अ‍ॅट्रोपिन दिले असेल तर तोंड कोरडे पडते, काही तास धूसर दिसते, त्यामुळे रुग्णाने वाहन चालवू नये. थांबवलेली गोळी कधी सुरू करायची हे निघण्यापूर्वी विचारावे. आम्हाला त्याच संध्याकाळपासून सांगितले. तिची स्ट्रिप आता डब्याखाली रबराने बांधलेली असते.