कॉम्प्युटरचं घड्याळ चुकतंय? आधी किती चुकतंय ते बघा

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर बॅटरीला हात लावू नका. विंडोजच्या टाइम झोनमध्ये यूटीसी+05:30 (जागतिक प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे), म्हणजे चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्ली निवडलंय ना, ते बघा. इंदूरसाठीही हाच झोन. विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर झोन बरोबर असूनही विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं, कारण लिनक्स मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य बोर्डवरच्या) घड्याळात यूटीसी वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. दोन्हींपैकी एकाची सवय बदला.

तारीखच अनेक वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरी संपत आलीय. उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंतीवरचा स्विच बंद करून लोक गावाला जातात, तेव्हा घड्याळ केवळ या सेलवर चालतं. मल्टीमीटरवर नवा सेल 3 व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो, 2.7 च्या खाली असेल तर बदलाच. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये सहज मिळेल. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, क्लिप हलकेच सरकवा, नवा सेल + खूण वर ठेवून बसवा. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ भरा.

इथे बरेच जण अडकतात: घरच्या विंडोजमध्ये चूक 15 तासांपेक्षा जास्त असेल तर इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणून तारीख आधी हाताने, विंडोजच्या तारीख-वेळ सेटिंगमधलं 'सिंक नाऊ' नंतर. तारीख चुकीची असताना ब्राउझर वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची तक्रार करतो, तीही यानेच थांबते.

तरीही सिंक होत नसेल तर विंडोज टाइम सर्व्हिस सुरू आहे का आणि राउटरने यूडीपी पोर्ट 123, म्हणजे इंटरनेटवरून वेळ येण्याचा मार्ग, अडवलाय का, ते तपासा.