त्रिनिदादचा जन्मदाखला, वडिलांचा रकाना कोरा: मूळ गाव असं सापडलं

घराणं त्रिनिदादचं, एक बाजू भारतीय, दुसरी आफ्रिकी. 1900 च्या आसपासच्या दाखल्यात फक्त आईचं नाव.

आडनावावरून शोधणं फुकट गेलं; बापाचं पहिलं नावच पुढे मुलांचं आडनाव होई. डीएनए चाचणी खंड सांगते, गाव नाही. यात महिने गेले, डोकं फिरलं.

खरी मेख अशी: 1945 च्या कायद्यापर्यंत तिथे हिंदू पद्धतीच्या लग्नाला मान्यता नव्हती. रीतसर लग्नाची मुलंही सरकारदरबारी अनौरस, म्हणून आईच्याच नावावर.

आधी आईच्या नावाने सगळ्या भावंडांचे दाखले मागवा, एकावर थांबू नका. एखाद्यावर आईबापाच्या नावाशेजारी जहाज किंवा मजूर क्रमांक (भारतातून करारावर नेलेल्या मजुराचा नोंदणी क्रमांक) सापडतो. तो क्रमांक पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारातल्या मजुरांच्या नोंदवहीत लावा. जहाज आणि वर्ष मिळतं. मग कलकत्त्याचा एमिग्रेशन पास, म्हणजे तिथून निघताना मजुराच्या नावाने केलेला कागद: बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूणसुद्धा.

गावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून. मोठ्याने वाचा, भोजपुरी उच्चार धरा, आधी ठाणं पक्कं करा. पासवर ‘बस्ती’ (उत्तर प्रदेशातला जिल्हा) असेल तर सिद्धार्थनगरही बघा. तो 1988 मध्ये त्यातूनच वेगळा झाला.

आफ्रिकी बाजूसाठी 1813 ते 1834 ची गुलाम नोंदणी. ती मालकवार लावलेली असल्यामुळे मळ्याचं किंवा मालकाचं नाव हाती आल्याशिवाय उघडू नका.