थायलंडची बेटं: समुई शेवटी ठेवा

बँकॉकच्या शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीला आठवड्याची सुट्टी आहे आणि पुण्याहून तुम्ही निघताय, तर क्रम असा ठेवा: रात्रीच्या रेल्वेने चुम्फोन, तिथून बोटीने ताओ, मग फांगान, शेवटी समुई. तिन्हींत विमानतळ फक्त समुईला आहे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीच्या दिवशी ताओवर अडकलात तर बँकॉकचं विमान हातचं गेलंच समजा.

दिवाळीत मात्र ही पूर्व किनाऱ्याची बाजू नकोच. नोव्हेंबरात इथे पाऊस झोडपतो, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचं क्राबी-लांता बरं. बाकी तारखा कालनिर्णयात पौर्णिमा बघून ठरवा: फांगानवर त्या सुमारास मोठी पार्टी असते, खोल्या महाग आणि बोटी गच्च.

बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. बसायला खालचा मजला, मधोमध किंवा मागे. पुढचं टोक सर्वांत जास्त आपटतं.

आणि हे अगदी कळकळीने: थायलंडच्या लिपे बेटाहून मलेशियातल्या लंकावीला जायचा बेत असेल, तर शिक्षिकेने री-एंट्री परमिट, म्हणजे देशात परत येण्याचा परवाना, आधीच काढावं. एका वेळचं १००० बात. त्याविना देश सोडला की नोकरीच्या व्हिसावरची राहण्याची परवानगी तिथेच संपते.